इटालियन क्रियापदं कशी चालवावीत

एका इटालियन क्रियापदाचा पूर्ण तक्ता 21 चौकटींचा असतो. स्वार्थात (साधं विधान करणाऱ्या रूपांत) 8 काळ, 'कोन्जुन्तीवो'त (मत, इच्छा, शंका दाखवणाऱ्या रूपांत) 4, 'कोन्दित्स्योनाले'त (संकेतार्थात) 2, आज्ञार्थात 1, आणि पुरुष-वचन न दाखवणाऱ्या तीन प्रकारांत प्रत्येकी 2. हे सगळं एकदम पाठ करायला घेतलं की आठवड्याभरात वही बंद होते. त्याची गरजही नाही. या 21 पैकी 9 चौकटी संयुक्त आहेत: सहायक क्रियापदाचं रूप बदलायचं, मुख्य क्रियापदाचं धातुसाधित तेच ठेवायचं. उरलेल्या साध्या रूपांमध्येही एकाचा पाया दुसऱ्याला चालतो. म्हणून ती कोणत्या क्रमाने शिकायची, हे फार महत्त्वाचं आहे.

इटालियन शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. वहीत ते रोमन लिपीतच उतरवा. इटालियन त आणि द आपल्यासारखे दंत्य आहेत, आणि एकाच व्यंजनाचं जोडाक्षर दिसेल तिथे ते खरोखर दुहेरी उच्चारायचं असतं. मराठी कानाला ते सहज ऐकू येतं.

पहिली पायरी: गण ओळखा, वर्तमानकाळ पक्का करा

मूळ रूपाचा शेवट पाहा: -आरे, -एरे की -ईरे. तो काढला की उरतो तो धातू.

पार्लारे (बोलणं): पार्लो, पार्ली, पार्ला, पार्ल्यामो, पार्लाते, पार्लानो.
प्रेन्देरे (घेणं): प्रेन्दो, प्रेन्दी, प्रेन्दे, प्रेन्द्यामो, प्रेन्देते, प्रेन्दोनो.
दोर्मीरे (झोपणं): दोर्मो, दोर्मी, दोर्मे, दोर्म्यामो, दोर्मीते, दोर्मोनो.

क्रम मी, तू, तो/ती, आम्ही, तुम्ही, ते असा. रूपावरूनच कर्ता कळतो, त्यामुळे मराठीत आपण नुसतं 'येतो हं' म्हणतो तसं इथेही सर्वनाम गाळतात. हमखास चूक होते ती शेवटच्या रूपात: 'पार्लानो'चा जोर 'पार्'वर आहे, 'ला'वर नाही. 'पार्लाते'च्या सवयीने तो पुढे सरकतो आणि ऐकणारा गोंधळतो.

-ईरे गणातल्या बऱ्याच क्रियापदांत मध्ये 'इस्क' येतं. कापीरे (समजणं): कापिस्को, कापिश्शी, कापिश्शे, काप्यामो, कापीते, कापिस्कोनो. आम्ही-तुम्ही या दोन रूपांत ते येत नाही. लेखनातला एक नियमही आत्ताच लक्षात ठेवा: चेर्कारे (शोधणं) आणि पागारे (पैसे देणं) यांच्या 'चेर्की', 'पागी' या रूपांत क आणि ग टिकवण्यासाठी मध्ये 'एच' लिहावं लागतं. ते विसरलं की 'चेर्ची', 'पाजी' असं वाचलं जातं.

याच पायरीवर दोन सहायक क्रियापदं तोंडपाठ हवीत. एस्सेरे (असणं): सोनो, सेइ, ए, स्यामो, स्येते, सोनो. आवेरे (जवळ असणं): ओ, आइ, आ, आब्ब्यामो, आवेते, आन्नो. आवेरेच्या 'ओ, आइ, आ, आन्नो' या रूपांच्या आधी मूक 'एच' लिहितात. 'आन्नो'मधला तो गाळला तर त्याचा अर्थ 'वर्ष' होतो.

दुसरी पायरी: पूर्ण भूतकाळ

बोलण्यात सर्वांत जास्त लागणारा भूतकाळ म्हणजे 'पास्सातो प्रोस्सिमो': सहायकाचा वर्तमान अधिक धातुसाधित. -आरेचं -आतो, -एरेचं -ऊतो, -ईरेचं -ईतो. ओ पार्लातो म्हणजे मी बोललो, ओ दोर्मीतो म्हणजे मी झोपलो.

सहायक कोणता घ्यायचा, हा कळीचा प्रश्न. सकर्मक क्रियापद असेल तर नेहमी आवेरे. आन्दारे (जाणं), वेनीरे (येणं), पार्तीरे (निघणं), आर्रिवारे (पोहोचणं), नाश्शेरे (जन्मणं), मोरीरे (मरणं), रेस्तारे (मागे राहणं) ही, आणि आल्त्सार्सी (उठणं) यांसारखी सगळी आत्मवाचक (क्रिया कर्त्यावरच होते अशी) क्रियापदं एस्सेरे घेतात. 'अकर्मक म्हणजे एस्सेरे' हा सोपा वाटणारा नियम मात्र खोटा आहे: दोर्मीरे आणि काम्मिनारे (चालणं) अकर्मक असूनही आवेरेच घेतात.

एस्सेरे असेल तेव्हा धातुसाधित कर्त्याच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतं: ए आन्दातो (तो गेला), ए आन्दाता (ती गेली), सोनो आन्दाती (ते गेले), सोनो आन्दाते (त्या गेल्या). हे आपल्याला शिकवावं लागत नाही. 'मी गेलो' आणि 'मी गेले' यांतला फरकही 'सोनो आन्दातो' आणि 'सोनो आन्दाता' असा जसाच्या तसा उतरतो.

आवेरेबरोबर मात्र मराठीची सवय घात करते. 'मी पोळी खाल्ली' या कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माप्रमाणे चालतं. इटालियनमध्ये पित्सा स्त्रीलिंगी आहे, तरी 'ओ मान्जातो ला पित्सा' असंच म्हणायचं, 'मान्जाता' नाही. कर्माच्या जागी सर्वनाम येऊन ते क्रियापदाआधी बसलं, की मग कर्माशी मेळ होतो: 'लो मान्जाता', म्हणजे ती मी खाल्ली.

अनियमित धातुसाधितं टाळता येत नाहीत. सुरुवातीला एवढी पुरेत: फात्तो (केलेलं), देत्तो (म्हटलेलं), स्क्रीत्तो (लिहिलेलं), लेत्तो (वाचलेलं), वीस्तो (पाहिलेलं), प्रेसो (घेतलेलं), मेस्सो (ठेवलेलं), आपेर्तो (उघडलेलं), क्यूसो (बंद केलेलं), वेनूतो (आलेलं) आणि एस्सेरेचं स्तातो.

तिसरी पायरी: अपूर्ण भूतकाळ

'इम्पेर्फेत्तो' हा सगळ्यांत नियमित काळ. मूळ रूपातून फक्त 'रे' काढायचा आणि वो, वी, वा, वामो, वाते, वानो जोडायचे: पार्लावो, प्रेन्देवो, दोर्मीवो. अपवाद मोजके आहेत. एस्सेरेचं एरो, एरी, एरा, एरावामो, एरावाते, एरानो होतं; फारे (करणं), दीरे (म्हणणं), बेरे (पिणं) यांची फाचेवो, दिचेवो, बेवेवो होतात.

रूपं सोपी, निवड अवघड. मराठीत 'जायचो' किंवा 'जात होतो' येईल तिथे बहुधा हाच काळ: आन्दावामो आल मारे, आम्ही समुद्रावर जायचो. 'दोन तास वाचलं' अशी मुदत दिली की पूर्ण भूतकाळ. काही क्रियापदांत काळाबरोबर अर्थही बदलतो: सापेवो म्हणजे मला माहीत होतं, ओ सापूतो म्हणजे मला कळलं.

चौथी पायरी: भविष्य आणि संकेतार्थ एकत्र शिका

दोन्हींचा पाया एकच असतो. पार्लारेचा पाया पार्लेर-, 'आ'चा 'ए' होतो. प्रेन्देर- आणि दोर्मीर- तसेच राहतात.

भविष्य: पार्लेरो, पार्लेराइ, पार्लेरा, पार्लेरेमो, पार्लेरेते, पार्लेरान्नो.
कोन्दित्स्योनाले: पार्लेरेइ, पार्लेरेस्ती, पार्लेरेब्बे, पार्लेरेम्मो, पार्लेरेस्ते, पार्लेरेब्बेरो.

'पार्लेरेमो' म्हणजे आम्ही बोलू आणि 'पार्लेरेम्मो' म्हणजे आत्ताच्या संदर्भात आम्ही बोललो असतो. फरक फक्त एका 'म'चा, म्हणून तो दाबून उच्चारा. अनियमित पाये एकदाच पाठ केले की दोन्हीकडे चालतात: सार- (एस्सेरे), आव्र- (आवेरे), आन्द्र- (आन्दारे), पोत्र- (पोतेरे, शकणं), दोव्र- (दोवेरे, करावं लागणं), वेद्र- (वेदेरे, पाहणं), साप्र- (सापेरे, माहीत असणं), वेर्र- (वेनीरे), वोर्र- (वोलेरे, हवं असणं). उपाहारगृहात लागणारं 'वोर्रेइ उन काफ्फे', मला एक कॉफी हवी होती, हे यातलंच.

मराठीप्रमाणेच भविष्यकाळ अंदाजालाही चालतो: 'सारा आ कासा', तो घरी असेल. पण 'तो म्हणाला की तो येईल' यात आपण भविष्य तसंच ठेवतो. इटालियनमध्ये तिथे भूत संकेतार्थ लागतो: 'आ देत्तो के सारेब्बे वेनूतो'. इथे पुढे गेलेले विद्यार्थीही चुकतात.

पाचवी पायरी: कोन्जुन्तीवो

मत, इच्छा, शंका यांच्यामागून 'के' (की) येऊन कर्ता बदलला की हा अर्थ लागतो. 'मला वाटतं तो घरी असावा' यातला 'असावा' त्याच्या जवळचा: क्रेदो के सीआ आ कासा. 'मला ठाऊक आहे की' अशा खात्रीच्या वाक्यामागे मात्र स्वार्थच. कर्ता एकच असेल तर कोन्जुन्तीवो नको, 'दी' आणि मूळ रूप घ्या: स्पेरो दी वेनीरे, मी येईन अशी आशा आहे.

रूपं बनवायला वर्तमानातलं 'मी'चं रूप घ्या. -आरे गणात शेवटी 'ई', इतरांत 'आ': पार्ली, प्रेन्दा, दोर्मा, कापिस्का. अनियमितांनाही हीच युक्ती चालते, फक्त त्यांत -आरे गणातही शेवटी 'आ' येतो: वेन्गोचं वेन्गा, फाच्चोचं फाच्चा, दीकोचं दीका, पोस्सोचं पोस्सा, वादोचं वादा. न बसणारी पाच वेगळी लिहून ठेवा: सीआ, आब्ब्या, साप्प्या, दीआ, स्तीआ. एकवचनाची तिन्ही रूपं सारखीच असल्यामुळे गोंधळ होईल तिथे सर्वनाम घाला.

याचा भूतकाळ पार्लास्सी, पार्लास्सी, पार्लास्से, पार्लास्सिमो, पार्लास्ते, पार्लास्सेरो असा चालतो, एस्सेरेचं फोस्सी. त्याची खरी गरज 'जर'च्या वाक्यात. 'वेळ असता तर आलो असतो' यात मराठी दोन्हीकडे 'असता-असतो' वापरते, म्हणून आपण दोन्हीकडे कोन्दित्स्योनाले टाकतो. ते चूक. 'से'च्या (जर) बाजूला कोन्जुन्तीवो, दुसऱ्या बाजूला कोन्दित्स्योनाले. शिवाय आपलं एक वाक्य तिथे दोन होतं: आत्ताबद्दल 'से आवेस्सी तेम्पो, वेर्रेइ', होऊन गेलेल्याबद्दल 'से आवेस्सी आवूतो तेम्पो, सारेइ वेनूतो'.

सहावी पायरी: आज्ञार्थ

'तू'ला पार्ला! प्रेन्दी! दोर्मी! आदरार्थी 'लेइ'ला कोन्जुन्तीवोचंच रूप: पार्ली! प्रेन्दा! दोर्मा! -आरे गणात वर्तमानाच्या उलट अदलाबदल होते, हे ध्यानात ठेवा. मित्राला 'स्कूसा', अनोळखी माणसाला 'स्कूसी'. मराठीत आदरासाठी अनेकवचन वापरतात म्हणून 'वोई' (अनेकवचनी तुम्ही) वापरावंसं वाटतं. प्रमाण इटालियनमध्ये आदराला तृतीय पुरुषी एकवचन लागतं. 'तू'ला नकार देताना मूळ रूप ठेवा: नोन पार्लारे! बोलू नकोस.

शेवटी: पास्सातो रेमोतो

इतिहास, चरित्रं आणि कथांमध्ये हा भूतकाळ सतत भेटतो: 1265 साली कवी दान्ते फिरेन्त्सेत (फ्लॉरेन्समध्ये) 'नाक्क्वे', म्हणजे जन्मला. उत्तर इटलीत रोजच्या बोलण्यात तो क्वचित येतो, दक्षिणेत आणि तोस्कानात जास्त. म्हणून आधी नुसता ओळखायला शिका. पार्लाई, पार्लास्ती, पार्लो, पार्लाम्मो, पार्लास्ते, पार्लारोनो. यातल्या 'पार्लो'चा जोर शेवटी आहे आणि लिहिताना शेवटच्या स्वरावर चिन्ह येतं. जोर आधी गेला तर 'मी बोलतो' होईल. बहुतेक अनियमितांत मी, तो आणि ते ही तीनच रूपं बदलतात: प्रेसी, प्रेन्देस्ती, प्रेसे, प्रेन्देम्मो, प्रेन्देस्ते, प्रेसेरो. त्यामुळे नवं -एरे क्रियापद वहीत उतरवताना त्याच्यासमोर दोनच गोष्टी लिहा: रेमोतोतलं 'मी'चं रूप आणि धातुसाधित.