शटरचा नवा रिमोट: दिवा लागतो, शटर हलत नाही (माझा अनुभव)

घर रत्नागिरीत, गाडीच्या खोलीला मोटरचं रोलिंग शटर. दोनपैकी एक रिमोट भाट्याच्या खाडीत पडला. दुसरा चालू होता, म्हणून बाजारातून ४३३ मेगाहर्ट्झचा, दुसऱ्या रिमोटचा कोड कॉपी करणारा रिमोट आणला. दोन्ही समोरासमोर धरून कॉपी केली. दिवा लागला, शटर ढिम्म. बॅटरी बदलली, दुसरा कॉपी-रिमोट आणला, तेच. भर पावसात साखळी ओढून शटर वर करताना अक्षरशः रडकुंडीला आलो.

शेवटी चालू रिमोट उघडला. चिपवर एचसीएस३०१ लिहिलेलं. म्हणजे रोलिंग कोड: दर दाबाला कोड बदलतो, त्यामुळे कॉपीचा उपयोगच नाही. नुसती चिप तीच असूनही भागत नाही, आतली कंपनीची 'की' (गुप्त डिजिटल किल्ली) सुद्धा जुळावी लागते. म्हणून रिसिव्हरवरचं (रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या डब्यावरचं) नाव बघून त्याच कंपनीचा रिमोट मागवला.

मग हे केलं. मेन स्विच बंद करून मोटरशेजारच्या रिसिव्हरचं झाकण काढलं, स्विच पुन्हा चालू केला. आत २३० व्होल्ट असतात, तेव्हा प्लास्टिकची काडी घेतली. लर्न बटण (रिसिव्हरला नवा रिमोट ओळखायला लावणारं) एकदाच, झटकन दाबलं. लाल दिवा लागला. लगेच नव्या रिमोटचं 'वर' बटण दाबलं, दिवा लुकलुकला. तेच बटण पुन्हा दाबलं, दिवा विझला. शटर वर गेलं.

लर्न बटण दाबून धरू नका. माझ्या रिसिव्हरमध्ये तसं केलं तर सगळे जुने रिमोट पुसले जातात.