सोडियम-२१चा प्रोटॉन-ग्रास कसा मोजायचा: आधी ऊर्जा पक्की करा

सोडियम-२१ प्रोटॉन गिळून मॅग्नेशियम-२२ होतं, त्याचा ऱ्हास होऊन सोडियम-२२ उरतं. नवताऱ्याच्या स्फोटानंतर आकाशात शोधला जाणारा १.२७५ एमईव्हीचा (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचा) गॅमा किरण या सोडियम-२२चा. मात्र सोडियम-२१चं अर्धायुष्य २२.५ सेकंद, त्याचं टार्गेट बनवायला वेळच मिळत नाही. म्हणून मांडणी उलटी: सोडियमच्या आयनांचा झोत म्हणजे बीम, हायड्रोजन वायूचं टार्गेट.

३० कोटी केल्विनला गॅमॉव शिखर, म्हणजे अभिक्रिया सर्वाधिक होण्याचा ऊर्जापट्टा, २६६ केईव्हीच्या (हजार इलेक्ट्रॉनव्होल्टच्या) आसपास येतं, रुंदी साधारण १९०. त्यात बसणारा महत्त्वाचा रेझोनन्स, म्हणजे अभिक्रिया एकदम वाढते ती नेमकी ऊर्जा, २०६ केईव्हीला आहे. ही ऊर्जा वस्तुमानकेंद्राच्या चौकटीतली. बीमची ऊर्जा काढायला २१.८ने गुणा, ४.५ एमईव्ही येते.

पण यंत्रावर ४.५ लावू नका. टार्गेटला खिडकी नसते (इतक्या हळू आयनांना पातळ पडदाही जड जातो), दोन्ही बाजूंचे पंप सतत वायू ओढत राहतात. ४.६ टॉर दाबाचा १२ सेंमी वायू बीमची ०.३ एमईव्ही ऊर्जा खातो, म्हणजे केंद्रचौकटीत १४ केईव्ही. रेझोनन्स मधोमध हवा, तर आत शिरताना ४.६५ एमईव्ही ठेवा. ऊर्जेची ही घट तक्त्यातून उचलू नका; वायू भरून आणि काढून, टार्गेटमागच्या पहिल्या वळणचुंबकाचं (बीम वळवणाऱ्या चुंबकाचं) क्षेत्र दोन्ही वेळा मोजा.

टार्गेटभोवतीचे, गॅमा टिपणारे बीजीओ स्फटिक कुठे जास्त मोजतात ते पाहा. रेझोनन्सचा जुना आकडा २१२ केईव्ही होता. तो धरून मांडणी केली, तर गॅमांचा ढीग मध्यापासून पाचेक सेंमी पुढे, जवळजवळ बाहेर पडायच्या तोंडाशी दिसेल. व्हँकुव्हरच्या ट्रायम्फ प्रयोगशाळेतल्या ड्रॅगन यंत्रावरून २००३ साली २०५.७ हा आकडा जाहीर झाला. फरक सहा केईव्हीचाच. पण रेझोनन्सची ताकद (तो अभिक्रियेला किती हातभार लावतो) तीच धरली तर अभिक्रियेचा वेग ३० कोटी केल्विनला २८ टक्क्यांनी वाढतो, १० कोटीला दुपटीहून जास्त.

उत्पन्न तुटपुंजं: १७ हजार कोटी आयनांमागे एक अभिक्रिया. सेकंदाला १० कोटी आयन मिळाले, तर अर्ध्या तासाला जेमतेम एक. म्हणून बीजीओचा उंबरठा (त्याखालचे गॅमा मोजायचे नाहीत) २ एमईव्हीच्या आसपास ठेवा, नाहीतर सांडलेल्या सोडियमचे ५११ केईव्हीचे गॅमा सगळं बुडवतील. गॅमा आणि मागून येणारं मॅग्नेशियम यांतला वेळ जुळला, तरच ती घटना मोजा.

मॅग्नेशियम बीमपासून वेगळं काढणारा विभाजक एकाच विद्युतभाराचे आयन पुढे सोडतो. त्या भाराचा वाटा तेवढ्याच वेगाच्या मॅग्नेशियम-२४च्या स्थिर बीमवर आधी मोजून घ्या. बीममध्ये निऑन-२१ मिसळलेला असू शकतो. बीमचा प्रवाह मोजणाऱ्या फॅराडे कपाला तो सोडियमच वाटतो, आयनांची संख्या म्हणजे भाजक फुगतो आणि ताकद कमी निघते. स्लिटवर (बीमच्या वाटेतल्या फटीच्या कडांवर) अडकलेल्या सोडियमचे ५११चे गॅमा मोजून खरा वाटा काढा, आणि टार्गेटमधून उडालेले प्रोटॉन मोजणाऱ्या सिलिकॉन डिटेक्टरशी तासातासाला ताडून पाहा.