केबलची लग दाबताना, हायड्रॉलिक टूल वापरताना

विहिरीवरच्या मोटरची केबल स्टार्टरला जोडताना लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसवायची धातूची टोपी, हातोडीने चेपू नका, हायड्रॉलिक टूलनेच दाबा. ढिला जोड तापतो अन् तिथेच जळतो. आधी मेन स्विच पाडा. लाइन गेलेली आहे म्हणून स्विच चालू ठेवू नका, ऑटो स्विच असला तर ती येताच पंप सुरू होतो.

१६ स्क्वेअर एमएम केबलला लग आणि डायही (टूलमधले लग दाबणारे साचे) १६ चीच. दोन्ही डाय टेकेपर्यंत हँडल मारा, मग व्हॉल्व्ह सोडा. केबल ओढून पाहा. हलली तर कापून नवी लग.

हँडल पोकळ लागलं तर बहुधा तेल कमी किंवा आत हवा. पिस्टन पूर्ण मागे नेऊन हायड्रॉलिक तेलच भरा. ट्रॅक्टरचं काढलेलं काळं ऑइल नकोच, सील जातात. कपाशी वेचणीच्या दिवसांत धूळ फार. पिस्टन पुसा, दाब सोडूनच टूल पेटीत ठेवा.