मुंबईतल्या दोन कन्सल्टिंग ऑफर: ऑफिस निवडताना या चुका टाळा

कॉलेजच्या प्लेसमेंटमधून कन्सल्टिंगच्या, म्हणजे कंपन्यांना धंद्याबाबत सल्ला देण्याच्या नोकरीच्या, दोन ऑफर हातात आहेत आणि दोन्ही मुंबईच्याच. एक नरिमन पॉइंटची, दुसरी बीकेसीची (वांद्रे-कुर्ला संकुल). घरी आई विचारते, "दादरहून कुठलं जवळ पडेल रे?" ती काळजीने विचारते. पण मी याच प्रश्नावर निर्णय घेतला आणि पुढची दीड वर्षं त्याची किंमत मोजली.

मला आवडलेल्या ऑफिसच्या खिडकीतून समुद्र दिसायचा. पहिल्या आठ महिन्यांत त्या खिडकीजवळ मी जेमतेम वीस दिवस बसलो असेन. सोमवारी पहाटे चारला उठायचं, रायपूरचं विमान गाठायचं, तिथून गाडीने बलौदा बाजारकडच्या सिमेंटच्या कारखान्यात जायचं आणि गुरुवारी रात्री परत यायचं. क्लायंटने दिलेली खोली पॅकिंग विभागाला लागून होती. जेवून येईपर्यंत लॅपटॉपच्या कीबोर्डवर राखाडी थर बसलेला असायचा. काम चांगलं होतं, मी खूप शिकलो. पण मला बँकिंगमध्ये काम करायचं होतं आणि त्या ऑफिसात बँकिंगचा एकच पार्टनर, म्हणजे क्लायंटकडून काम आणणारा वरिष्ठ भागीदार, होता. हे मी आधी विचारलंच नव्हतं.

म्हणून पत्ता बघून ऑफिस निवडू नका. ऑक्टोबर 2025 मध्ये मेट्रो 3 कफ परेडपर्यंत सुरू झाली. बीकेसी, नरिमन पॉइंटजवळचं विधान भवन आणि विमानतळाची दोन्ही टर्मिनल्स आता एकाच मार्गावर आहेत. अंतरच मोजायचं असेल तर घरापासून विमानतळाचं मोजा.

दुसरी चूक म्हणजे कंपनीचं नाव बघून ऑफिसची परीक्षा करणं. कन्सल्टिंगमधली तीन मोठी नावं घ्या. मॅकिन्झी 1926 ची. बीसीजी ब्रूस हेंडरसन यांनी 1963 मध्ये बॉस्टनमध्ये सुरू केली आणि 1973 मध्ये तिथूनच बिल बेन बाहेर पडले, त्यांनी बेन काढली. धंदा एक, गिऱ्हाईक एक, माणसंही बहुतेक त्याच कॉलेजांतली. त्यामुळे प्री-प्लेसमेंट टॉकमध्ये, म्हणजे कॉलेजात येऊन कंपनी स्वतःची ओळख करून देते त्या भाषणात, तिघांच्या तोंडी शिकणं, इम्पॅक्ट, आपुलकी हेच शब्द येतात. त्यावरून निवड होत नाही. फरक पडतो तो त्या शहरात कोणते पार्टनर बसतात आणि तुम्हाला प्रोजेक्टवर कोण टाकतं याने. मुंबईत रिझर्व्ह बँक आहे, सेबी आहे, बड्या खासगी बँका आणि विमा कंपन्यांची मुख्यालयं आहेत, म्हणून वित्तीय क्षेत्राचं काम इथे मुबलक. पण ते तुमच्या ऑफिसातल्या कुणाकडे येतं का, की शेजारच्या इमारतीतल्या स्पर्धकाकडे जातं, हे नावावरून कळत नाही. स्टाफिंगचंही, म्हणजे कुणाला कुठल्या प्रोजेक्टवर टाकायचं याचंही, तसंच. बेनमध्ये टीम शक्यतो त्याच ऑफिसच्या माणसांची बांधायची असा जुना रिवाज आहे, तर मॅकिन्झीत दुसऱ्या शहराच्या, कधी दुसऱ्या देशाच्या प्रोजेक्टवर जायची वाट अधिक मोकळी मानली जाते. प्रत्यक्षात हे ऑफिसगणिक आणि वर्षागणिक बदलतं. रिवाजावर विसंबू नका, विचारा.

विचारायचं कसं, इथेच बहुतेक जण चुकतात. "वर्क-लाइफ बॅलन्स कसा आहे?" असं विचारलं की तयार उत्तर मिळतं. समोरचा खोटं बोलतो असं नाही, प्रश्नच इतका सैल असतो की उत्तरही सैलच येतं. मी आता ज्युनिअर मुलांना एकच प्रश्न शिकवतो: "गेल्या चार सोमवारी सकाळी दहा वाजता तू कुठे होतास?" हा प्रश्न दोन्ही ऑफिसांतल्या, दोन-अडीच वर्षं झालेल्या तिघा-तिघांना विचारा. शहर कुठलं, क्लायंट कुठल्या क्षेत्रातला (नाव ते सांगणार नाहीत आणि सांगूही नये), बरोबर कोण होतं, प्रोजेक्ट मागून मिळालं की आलं ते घेतलं. सहा जणांचे चोवीस सोमवार वहीत लिहून काढा. एका ऑफिसचे बारा आणि दुसऱ्याचे बारा शेजारी ठेवले की चित्र दिसायला लागतं.

हे सगळं फक्त तुमच्या बडीला, म्हणजे मुलाखतीच्या तयारीसाठी कंपनीने जोडून दिलेल्या तिथल्याच माणसाला, विचारून भागवू नका. शॉर्टलिस्ट लागल्यापासून त्याने तुमच्याकडून केसेस (मुलाखतीत सोडवायला देतात ते धंद्याचे प्रश्न) करून घेतलेल्या असतात, तुम्ही त्याच्या ऋणात असता आणि तुम्ही होकार द्यावा असं त्यालाही मनापासून वाटत असतं. गेल्या वर्षभरात ते ऑफिस सोडलेली दोन माणसं शोधा. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर ती सापडतात आणि सहसा वेळ देतात.

नावांच्या गोंधळाचंही सांगून ठेवतो, कारण दरवर्षी कुणीतरी फसतं. बेन कॅपिटल ही गुंतवणूक कंपनी, बेन अँड कंपनी वेगळी. स्ट्रॅटेजी अँड म्हणजे पीडब्ल्यूसी या ऑडिट कंपनीच्या छत्राखाली गेलेली जुनी कन्सल्टिंग कंपनी बूझ, आणि पार्थेनॉन ही कन्सल्टिंग कंपनी आता ईवाय या ऑडिट कंपनीची. ऑफर लेटरवर पदाचं नाव नीट वाचा. नॉलेज सेंटरमधला (पडद्यामागे माहिती आणि संशोधन पुरवणाऱ्या विभागातला) ॲनालिस्ट आणि क्लायंटसमोर बसणारा कन्सल्टंट ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही मानाची, पण एकातून दुसऱ्यात जाणं सोपं नसतं.

पैशांबद्दल थोडक्यात. सीटीसीचे, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चाचे, आकडे शेजारी ठेवू नका. त्यातून जॉइनिंग बोनस, व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा भाग) आणि ग्रॅच्युइटी बाजूला काढा आणि महिन्याला खात्यात काय पडतं ते बघा. वर्षाच्या आत सोडलं तर बोनस परत करायची अट आहे का, हेही.

चूक होऊन गेली असेल तर? लगेच दुसऱ्या कंपनीला फोन करू नका. पहिलं प्रोजेक्ट संपत आलं की स्टाफिंग बघणाऱ्या व्यक्तीला भेटा. "मला हे आवडत नाही" असं म्हणून काही हलत नाही. "बँकिंगचं पुढचं प्रोजेक्ट अमुक पार्टनरकडे आहे, त्यांच्याशी बोललोय, मला तिथे घ्याल का?" असं नेमकं मागा. मी हे चौदाव्या महिन्यात केलं, चौथ्यात करायला हवं होतं. दोनदा मागूनही हाती काही लागलं नाही, तर खुशाल बाहेर बघा. मात्र नोटीस पिरियड तपासा आणि जुन्या क्लायंटची एक स्लाइडही सोबत नेऊ नका. कॅम्पसवर होकार देऊन मग फिरवायचा विचार असेल तर आधी प्लेसमेंट कमिटीचे नियम वाचा, कारण तुमच्या मागच्या बॅचलाही त्याची झळ लागू शकते.

त्या चार सोमवारांच्या प्रश्नासाठीचे फोन रविवारी संध्याकाळी करा. तेव्हा ती मंडळी बॅग भरत असतात आणि कुठे चाललोय, किती दिवसांसाठी, हे न विचारताच सांगतात.