गुडघ्याखाली उशी ठेवू नका: मोठ्या अपघातानंतर मुलाला घरी आणल्यावर या चुका टाळा

ऑगस्ट २०२४मध्ये सिन्नरजवळ आमच्या गाडीला उलट्या बाजूने आलेल्या पिकअपने धडक दिली. गाडी मुलाचे बाबा चालवत होते. मुलगा सतरा वर्षांचा, बारावीत, मागच्या सीटवर बेल्ट न लावता बसलेला. उजव्या मांडीचं हाड मोडलं, उजवा कोपर फुटला, डोक्यात रक्तस्राव झाला. अकरा दिवस आयसीयू, मग तीन आठवडे वॉर्ड. घरी आणलं तेव्हा मला वाटलं, संकट टळलं. आता खाऊ-पिऊ घालायचं आणि आराम द्यायचा. पुढे जो त्रास झाला, त्यातला बराचसा आम्ही घरच्यांनीच मायेपोटी ओढवून घेतला. आज ज्यांच्या घरात अशी कॉट मांडली जात असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

गुडघ्याखालची उशी

पाय दुखतो म्हणायचा, म्हणून मी गुडघ्याखाली मऊ उशी सरकवली. लगेच बरं वाटायचं, म्हणून ती तिथेच राहिली, रात्रंदिवस. तीन आठवड्यांनी फिजिओताई आल्या, त्यांनी उशी काढली, तर गुडघा गादीला टेकेचना. सतत वाकलेला राहिला की गुडघ्यामागचे स्नायू आणि सांध्याचं आवरण आखडतं. मग मूल उभं राहिलं तरी तो पाय आखूड असल्यासारखा पडतो. ते आखडणं सोडवायला दोन महिने लागले. व्यायामाच्या वेळी तो ओरडायचा आणि मी स्वयंपाकघरात मिक्सर लावून ठेवायचे, ऐकू येऊ नये म्हणून.

ताईंनी शिकवलं ते असं: गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली, गुडघा मोकळा, त्या सांगतील तेवढाच वेळ. सूज असेल तर पोटरीपासून टाचेपर्यंत अख्खा पाय सरळ ठेवून उंच करायचा. पाऊल वर-खाली करण्याचा व्यायाम दिवसभरात पुन्हा पुन्हा, कारण पडून राहिलेल्या पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. एकच पोटरी अचानक सुजली, गरम झाली, दुखू लागली किंवा दम लागला तर चोळत बसू नका, त्याच क्षणी दवाखाना गाठा.

तेल आणि हाड बसवणारे

डिस्चार्जच्या कागदावर ‘मालिश करू नये’ असं लिहिलेलं होतं. आम्ही वाचलं आणि कागद फाइलमध्ये लावला. सासूबाईंनी गावाकडून हाड बसवणारे एक गृहस्थ बोलावले, मीही नाही म्हटलं नाही. दोन बैठकांत त्यांनी कोपर जोर लावून ताणला. सूज वाढली, आणि पुढच्या एक्स-रेत स्नायूंच्या जागी नव्या हाडाची सावली दिसली. फुटलेल्या कोपराला चोळलं, ओढलं की असं नको तिथे हाड तयार होऊ शकतं. डोक्यालाही मार लागलेला असेल तर हा धोका आणखी वाढतो, हे सर्जननी नंतर समजावलं. त्याचा उजवा हात आजही पूर्ण सरळ होत नाही. सासूबाईंना मी कधी बोलले नाही, त्यांचा जीव नातवात अडकलेला होता. पण कोपराची हालचाल रुग्णाने स्वतः, सोसेल तेवढीच करायची असते. दुसऱ्याच्या जोराने नव्हे.

‘दोन चमचे पाणी तरी पाजा’

गुंगीत असलेल्या मुलाच्या तोंडात तीर्थ, नारळपाणी, काहीही घालू नका. मेंदूला मार लागल्यावर गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते आणि घोट छातीत जाऊन न्यूमोनिया होतो. पाणी पिताना ठसका लागणं, नंतर आवाज घरघरणं, या खुणा डॉक्टरांना सांगा. अशा वेळी पातळ पाणी गिळणंच सगळ्यात अवघड असतं, म्हणून तपासणी होईपर्यंत थांबा.

पंधरापैकी पंधरा

दाखल करताना त्याचा ग्लासगो स्कोअर, म्हणजे शुद्ध किती आहे याचं मोजमाप, ९ होता. डिस्चार्जच्या कागदावर १५ लिहिलं होतं. मी सगळ्यांना फोन करून सांगितलं, पंधरापैकी पंधरा, डोकं एकदम ठीक आहे! ग्लासगोच्या डॉक्टरांनी १९७४ साली तयार केलेलं हे मोजमाप ३ ते १५ असतं. डोळे उघडतो का, बोलतो का, सांगितलेली हालचाल करतो का, एवढंच त्यात बघतात. लक्ष, आठवण, रागावरचा ताबा यांचा त्यात हिशेबच नाही.

हे न कळल्यामुळे मी त्याच्याशी फार चुकीचं वागले. एरवी शांत असलेल्या मुलाने आमटीची वाटी भिंतीवर फेकली, आणि मी म्हणाले, ‘आम्ही एवढं करतोय आणि तुला कदर नाही.’ तो रडायला लागला. त्यालाही कळत नव्हतं आपण असं का करतोय. चिडचिड, उजेड-आवाज सहन न होणं, तासाभराच्या गप्पांनी गळून जाणं, हे सगळं दुखापतीचाच भाग असतं. आमच्याकडे उपयोगी पडलं ते इतकंच: वीस मिनिटं काम, मग डोळे मिटून पडणं, फोनवरचे रील्स जवळपास बंद, सूचना एका वेळी एकच. फिट येऊ नये म्हणून दिलेली गोळी मात्र ‘आता बरा आहे’ म्हणून स्वतःच्या मनाने थांबवू नका.

भेटायला येणारे

पहिल्या महिन्यात रोज माणसं यायची. प्रत्येकाचा प्रश्न तोच, ‘कसं झालं रे?’ मुलगा पुन्हा पुन्हा सांगायचा आणि त्याचे बाबा बाजूच्या खुर्चीत मान खाली घालून ऐकायचे. रात्री दोघंही झोपत नव्हते. एका पहाटे मुलगा त्यांना म्हणाला, ‘मी बेल्ट लावला असता तर तुमच्यावर हे आलं नसतं.’ तोवर बाबा धरून बसले होते की दोष आपला. एकाच घरात दोघं तीच शिक्षा वेगवेगळी भोगत होते आणि मी त्यांना औषधांच्या वेळा विचारत फिरत होते.

मग आम्ही भेटीची वेळ पाच ते सहा ठेवली, आणि दारातच सांगायला लागलो की अपघाताचं विचारू नका, क्रिकेटचं बोला. वाईट स्वप्नं, दचकणं, गाडीत बसायला नकार, हे महिन्यापलीकडे चाललं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेली-मानस १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. गाडी चालवणाऱ्या माणसालाही तो द्या.

कुबड्या, कॉलेज, कागद

कुबड्यांचा भार तळहातांवर हवा, काखेवर नको, काखेतल्या नसा दबतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. पायावर किती भार टाकायचा ते एक्स-रे बघून डॉक्टर सांगतील, शेजारी नव्हे.

वर्ष वाया जाऊ नये म्हणून तिसऱ्या महिन्यात आम्ही त्याला कॉलेजात पाठवलं. दोन तासांत डोकं धरून परत आला, आणि पुढचे आठ दिवस मागे गेलो. शेवटी ते वर्ष सोडलं. फेब्रुवारी २०२६मध्ये त्याने लेखनिक घेऊन परीक्षा दिली. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्रासह कॉलेजमार्फत विभागीय मंडळाची परवानगी लागते, ती बरीच आधी मागा.

एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज, बिलं, सगळ्याच्या प्रती पहिल्या आठवड्यापासून जपा. मोटार अपघात दावा सहा महिन्यांत दाखल करण्याची अट १ एप्रिल २०२२पासून कायद्यात आहे, म्हणून वकिलांना लवकर भेटा. कायमचं अपंगत्व किती राहणार हे डॉक्टरांनी सांगण्याआधी तडजोडीवर सही करू नका. मे २०२५पासून अपघातग्रस्तांना सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या कॅशलेस उपचाराची केंद्राची योजना आहे. आमच्या वेळी ती नव्हती, तुम्ही दाखल करतानाच विचारा.

व्यायामाची वही

व्यायामाच्या नोंदी चार महिने मी ठेवत होते. एक दिवस फिजिओताईंनी माझ्या हातातला पेन काढून त्याला दिला. मला राग आला. त्या म्हणाल्या, ‘ताई, गुडघा त्याचा आहे.’ त्यानंतर तो डाव्या हाताने, वाकड्या अक्षरात लिहू लागला: आज ९५ अंश. आज ११०. आज केलं नाही, कंटाळा आला. मी बघायला गेले की वही मिटायचा.

शेवटची नोंद मार्च २०२५ची आहे. ‘जिना, कुबडीशिवाय, चौदा पायऱ्या. आई घरी नव्हती.’