टॅबमधलं ॲप अनइन्स्टॉलच होत नसेल तर

अँड्रॉइड टॅबवर एखादं ॲप काढायला जावं आणि अनइन्स्टॉलचं बटण फिकट दिसतं, कितीही दाबा काही होत नाही, तेव्हा बऱ्याचदा त्या ॲपने डिव्हाइस ॲडमिनची परवानगी (टॅबवर जास्तीचा ताबा देणारी, ती चालू असेपर्यंत ॲप काढता येत नाही) घेऊन ठेवलेली असते.

१. सेटिंग्जच्या सर्चमध्ये डिव्हाइस ॲडमिन टाका, प्रत्येक कंपनीच्या टॅबमध्ये हे वेगळ्याच ठिकाणी असतं म्हणून हातानं शोधत बसू नका.
२. यादीतल्या त्या ॲपपुढचं बटण बंद करा.
३. आता अनइन्स्टॉल करा.

तरी अडलं तर टॅब सेफ मोडमध्ये, म्हणजे नंतर टाकलेली ॲप्स बंद ठेवून, सुरू करून हेच परत करा. टॅबसोबतच आलेली काही ॲप्स मात्र निघत नाहीत, ती डिसेबल करता आली तर करायची.

त्याच यादीत हरवलेला टॅब शोधून देणारं ॲप असेल तर त्याला अजिबात हात लावू नका, आणि टॅब शाळेचा किंवा ऑफिसचा असेल तर आधी त्यांना विचारा.