पिकअपच्या ब्रेक लाइटचा बल्ब घेताना

पिंपळगावहून टोमॅटो भरून रात्री कसारा घाट उतरायचा, तर मागच्याला आपला ब्रेक दिसलाच पाहिजे. म्हणून बल्ब घेताना मी घाई करत नाही.

आधी जुना बल्ब काढा. दाबून डावीकडे फिरवला की सुटतो. दुकानात तोच न्या. पितळी बुडावर बारीक अक्षरं असतात, फडक्यानं पुसून वाचा. '१२ व्होल्ट २१/५ वॅट' असेल तर आत दोन तारा: ५ ची टेललाइटला, २१ ची ब्रेकला. बुडाशी दोन ठिपके, बाजूच्या खुंट्या वरखाली. नुसतं २१ वॅट असेल तर ठिपका एकच, खुंट्या समोरासमोर, एका पातळीत. खुंट्या जुळत नसतील तर जोर लावू नका, बल्ब बदलून आणा.

व्होल्ट तर नक्की बघा. मला एकदा एका दुकानातून मोठ्या ट्रकचा २४ व्होल्टचा मिळाला. लागला, पण मिणमिणता. घाटात मागचा टेम्पो अगदी टेकायला आला तेव्हा कळलं. अजून अंगावर काटा येतो.

होल्डरमध्ये हिरवट गंज असेल तर पॉलिश पेपरनं घासा. मग पार्किंग लाइट लावून पोराला ब्रेक दाबायला सांगा आणि मागे उभं राहा. उजेड ठळक वाढला पाहिजे, दोन्हीकडे सारखा.